थकलेला कर आणि भरवशाचा सल्लागार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक संमेलनाच्या व्यासपीठावरून होणाऱ्या व्याख्यानाचा विषय सामान्यतः उत्साहवर्धक असतो. गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव, ज्ञातीचा पूर्वेतिहास, विवाहविषयक सुधारणा हे विषय आपल्या परिचयाचे आहेत. थकलेला कर हा विषय त्या पंक्तीत शोभणारा नव्हे. तथापि चिटणिसांनी आग्रह धरला आणि आम्ही तो मान्य केला. करविषयक कामांत आमचा पुष्कळ काळ गेला आहे, आणि चांगल्या प्रतिष्ठित घरांतही ही चिंता किती खोल रुतून बसलेली असते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. घरात आजारपण आले तर आपण चार ठिकाणी चौकशी करतो. मुलाची नोकरी गेली तर नातलगांना सांगतो. परंतु आयकर खात्याची नोटीस आली तर ती कपाटाच्या खालच्या खणात जाते आणि पुष्कळदा घरच्या माणसांनाही तिची वार्ता लागत नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपल्याकडे म्हणतात. कराच्या बाबतीत ही म्हण उलटी फिरते. मूठ जितका काळ झाकलेली राहते, तितके आतले देणे वाढत जाते. मागणीची नोटीस मिळाल्यापासून रक्कम भरण्यास सामान्यतः ३० दिवसांची मुदत असते. ती टळली की दरमहा, किंवा महिन्याच्या अंशालाही, १ टक्का व्याज चालू होते. ६०,००० रुपयांची मागणी पाच वर्षे खणात पडून राहिली, तर ३६,००० रुपये निव्वळ व्याजाचे होतात. वर दंडाची भीती राहते, आणि बँकेचे खाते जप्त करण्याचा अधिकार खात्याला असतोच.

तथापि केवळ व्याजाचे भय घालण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. आम्हांस मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. थकलेला कर निस्तरण्यासारखा असतो. घर अडचणीत येते ते पुष्कळदा तो निस्तरण्यासाठी चुकीचा माणूस गाठल्यामुळे, आणि चुकीचा माणूस गाठला जातो तो आपण ओळखीलाच पात्रता समजतो म्हणून.

प्रथम थकबाकी म्हणजे काय, हे नीट समजून घेऊ. नोटीस आली म्हणजे तेवढा कर देणे आहेच, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. थकबाकी तीन प्रकारची असते. पहिली चुकीची. चलन भरताना वर्ष चुकले, विवरणपत्रातील आकडा भलत्याच रकान्यात पडला, किंवा पगारातून कापलेला कर मालकाने सरकारजमाच केला नाही, तर नोकराच्या नावे मागणी उभी राहते. पगारातून कापला गेलेला कर पुन्हा त्या नोकराकडून वसूल करता येत नाही, असे आयकर कायद्याचे स्पष्ट वचन आहे. अशा मागणीस पैशाने उत्तर द्यावयाचे नसते. पगाराची पावती व बँकेचा उतारा जोडून दुरुस्तीचा अर्ज करावयाचा असतो. आयकराच्या संकेतस्थळावर थकीत मागणीस उत्तर देण्याची सोय आहे. मागणी मान्य आहे, संपूर्ण अमान्य आहे की अंशतः अमान्य आहे, हे तेथे कारणांसह नोंदविता येते.

दुसरी थकबाकी वादाची. अधिकाऱ्याने एखादे उत्पन्न धरले आणि आपले म्हणणे त्याहून वेगळे आहे, तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील करावे लागते. अपील केले म्हणून वसुली आपोआप थांबत नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. स्थगितीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. २०१७ सालच्या सूचनेप्रमाणे, वादातील रकमेच्या २० टक्के भरल्यास पहिल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत उरलेल्या रकमेस सामान्यतः स्थगिती देण्याचे धोरण ठरले.

तिसरी थकबाकी खरी. उत्पन्न झाले होते, कर देणे होता, तो दिला गेला नाही. येथे पळवाट शोधू नये. परंतु येथेही कायदा निर्दय नाही. अर्ज केल्यास मुदत वाढवून देण्याचा किंवा हप्ते बांधून देण्याचा अधिकार करनिर्धारण अधिकाऱ्यास असतो. खरी हलाखी, आवाक्याबाहेरची परिस्थिती आणि चौकशीत दिलेले सहकार्य या तीनही गोष्टी दाखविता आल्या, तर थकबाकीवरील व्याजात सूट मागता येते. ज्यांनी विवरणपत्रात उत्पन्न दाखविले नाही, त्यांना स्वतः होऊन सुधारित भरणा करण्याची वाट २०२२ साली उघडली. प्रथम तिची मुदत दोन वर्षांची होती. २०२५ सालच्या वित्त कायद्याने ती चार वर्षांची केली. मात्र उशिराप्रमाणे कर व व्याज यांच्यावर २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत अधिक रक्कम भरावी लागते. लवकर जाणाऱ्यास सवलत आणि उशिरा जाणाऱ्यास भार, हे तत्त्व त्यातही आहेच.

सरकारने वेळोवेळी अभयही दिले आहे. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अंदाजपत्रकात, २००९-१० पर्यंतच्या काळातील २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या काळातील १०,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या मागे घेण्याची घोषणा झाली, आणि एका करदात्यामागे एकूण एक लाख रुपयांची मर्यादा ठरली. विवाद मिटविण्याची केंद्राची योजना १ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली व तिच्यात अर्ज करण्याची मुदत ३० एप्रिल २०२५ रोजी संपली. महाराष्ट्र शासनानेही विक्रीकर आदींच्या जुन्या थकबाकीसाठी २०१९, २०२२ आणि २०२३ साली अशा योजना आणल्या. यावरून कित्येक मंडळी असा निष्कर्ष काढतात की, थांबावे, पुढची योजना येईलच. हा निष्कर्ष घातक आहे. योजना येईल की नाही, आणि आलीच तर आपले प्रकरण तिच्यात बसेल की नाही, हे कोणासही सांगता येत नाही. व्याज मात्र ठरलेल्या तारखेला चढते.

आता मदतनिसाविषयी. आयकर खात्यापुढे दुसऱ्याच्या वतीने उभे राहण्याचा अधिकार कोणास आहे, हे कायद्यानेच ठरविले आहे. आपला नातलग किंवा आपल्या पदरचा नियमित नोकर उभा राहू शकतो. वकील उभा राहू शकतो. सनदी लेखापाल, ज्यांना आपण नित्य बोलण्यात सी. ए. म्हणतो, ते उभे राहू शकतात. तसेच विहित शिक्षण किंवा परीक्षा झालेला आयकर व्यवसायी उभा राहू शकतो. सनदी लेखापालांची संस्था १९४९ च्या कायद्याने १ जुलै १९४९ रोजी स्थापन झाली. वकिलांचा कायदा १९६१ चा आहे. या दोन्ही व्यवसायांत नोंदवही असते, नियम असतात, आणि नियम मोडणाऱ्याविरुद्ध तक्रार ऐकणारी शिस्तीची यंत्रणा असते. लेखापालांची तक्रार त्यांच्या संस्थेच्या शिस्त विभागाकडे, आणि आपल्या राज्यातील वकिलांची तक्रार महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे करता येते. याउलट 'कर सल्लागार' ही पाटी कोणीही दारावर लावू शकतो. पाटी लावणारे सारेच अप्रामाणिक असतात, असे आम्ही म्हणत नाही. त्यांत अनुभवी व सज्जन माणसेही आहेत. परंतु पाटी हा पुरावा नव्हे.

मग पारख कशी करावी? आमच्या मते पहिली परीक्षा ही की, तो आधी कागद मागतो की आधी आश्वासन देतो. नोटीस न वाचताच "काळजी करू नका, सगळे शून्य करून देतो" म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. नाडी न पाहता औषध देणारा वैद्य आपण घरात घेत नाही. चांगला सल्लागार प्रथम नोटीस, जुनी विवरणपत्रे, चलने व बँकेचे उतारे पाहील, आणि वर सांगितलेल्या तीन प्रकारांपैकी आपली थकबाकी कोणत्या प्रकारची आहे, हे सांगेल. "यातील एवढी रक्कम तुम्हांस भरावीच लागेल" असे कटू वाक्य जो पहिल्या भेटीत उच्चारू शकतो, त्याच्यावर आमचा विश्वास अधिक बसतो.

दुसरी परीक्षा नोंदणीची. सनदी लेखापालाचा सभासद क्रमांक आणि वकिलाची सनद विचारण्यात उपमर्द नाही. लेखापालाने दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर २०१९ सालापासून १८ अंकी ओळख क्रमांक घालावा लागतो व तो त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. खरा व्यावसायिक हे विचारल्याने रागावत नाही. जो रागावतो, त्याच्या रागातच उत्तर सापडते.

तिसरी परीक्षा फीची. फी किती, कोणत्या कामाची, अपील झाल्यास वेगळी की त्यातच, हे कागदावर लिहून घ्यावे. "जेवढा कर वाचवीन त्याचे इतके टक्के" अशी फी निकालावर बांधणे वकील व लेखापाल या दोघांच्याही व्यवसायनियमांत सामान्यतः निषिद्ध आहे. असा करार पुढे करणारा माणूस स्वतःच्या व्यवसायाचे नियम पाळत नाही. तो तुमच्या वतीने कायदा पाळील, अशी अपेक्षा कशी करावी?

चौथी परीक्षा सर्वांत महत्त्वाची. कराची रक्कम सल्लागाराच्या हाती किंवा त्याच्या खात्यात कधीही देऊ नये. फी त्याची, कर सरकारचा. कर आपल्या पॅनवर, आपल्या बँकेतून, चलनाने भरावा, आणि काही दिवसांनी ती नोंद आपल्या वार्षिक करपत्रकात उमटली की नाही, हे स्वतः पाहावे. रोख रक्कम घेऊन "मी भरून टाकतो" म्हणणाऱ्याची पावती पुढे सापडत नाही. सापडलीच तर तीवर दुसऱ्या कोणाचे नाव असते.

पाचवी गोष्ट लहान दिसते, परंतु तिने अनेक घरे बुडता बुडता राहिली आहेत. आयकराच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात भ्रमणध्वनी क्रमांक व ई-मेल कोणाचा आहे, हे तपासावे. सोयीसाठी म्हणून एजंट स्वतःचा क्रमांक घालतो. पुढे त्याचे दुकान बंद होते. नोटिशी त्याच्याकडे येत राहतात आणि करदाता निर्धास्त असतो. जेव्हा बँक खाते गोठते तेव्हाच त्याला सारे समजते. आपला पासवर्ड कोणास देण्याचे कारण नाही. लेखापालास किंवा प्रतिनिधीस रीतसर अधिकृत करण्याची सोय त्या संकेतस्थळावरच आहे. प्रत्येक अर्जाची, उत्तराची व पोचपावतीची प्रत आपल्या घरी असावी. सल्लागार बदलावा लागला तर हीच फाईल आपली पुंजी ठरते.

या ठिकाणी 'आतल्या माणसा'विषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. "कार्यालयात आमचा माणूस आहे, तो फाईल दाबून टाकील" ही भाषा आपण सर्वांनी ऐकली आहे. ऑगस्ट २०२० पासून करनिर्धारणाचे बरेचसे काम समोरासमोर न येता, संगणकाने वाटून दिलेल्या अधिकाऱ्यांकडून होऊ लागले. मुंबईच्या माणसाचे प्रकरण देशाच्या दुसऱ्या टोकाचा अधिकारी पाहू शकतो. फाईल दाबणारा हात पूर्वी खरा असो वा नसो, आता त्याच्या नावावर घेतलेले पैसे बहुधा सांगणाऱ्याच्याच खिशात राहतात. आणि ते खरे असते तरीही लाच देणे हा गुन्हाच आहे; थकबाकी फेडण्यासाठी गुन्हा करणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे होय.

दूरध्वनीवरून अटकेची धमकी देणाऱ्यांविषयीही सावध केले पाहिजे. ज्याला 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात, तशी कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या पत्रांवर ओळख क्रमांक घालण्याची पद्धत सुरू झाली. तो क्रमांक खात्याच्या संकेतस्थळावर घातला की पत्र खरे की बनावट, हे कळते. हे काम घरातील दहावी झालेले मूलही पाच मिनिटांत करू शकते. नोटीस हाती येताच प्रथम एवढे करावे, मग सल्लागाराकडे जावे.

आता आम्ही जे बोलणार आहोत ते काहींस रुचणार नाही. परंतु ज्ञातिबांधवांपुढे ते बोलणे आमचे कर्तव्य आहे. आपल्यापैकी अनेकजण सल्लागार निवडताना एकच प्रश्न विचारतात, "आपल्यातला आहे ना?" हा प्रश्न प्रेमातून येतो, हे आम्ही जाणतो. आपल्या मंडळांनी वसतिगृहे उभारली, शिष्यवृत्त्या दिल्या, परगावाहून आलेल्या मुलास जेवणाचे ताट दिले, ते याच आपलेपणाच्या बळावर. परंतु आपलेपणा हा आधार आहे, परीक्षा नव्हे. शस्त्रक्रिया करताना वैद्याचे गोत्र कोणी विचारीत नाही. आडनाव सारखे आहे म्हणून पावती मागण्यास संकोचणे, दूरचे मेहुणे लागतात म्हणून फी लिहून न घेणे, लग्नात भेट होईल म्हणून चुकीचे काम खपवून घेणे, या तीन संकोचांनी जेवढे नुकसान होते, तेवढे परक्याकडून क्वचितच होत असेल. परक्यास आपण दहा प्रश्न विचारतो. आपल्यास एकही नाही. जो ज्ञातिबंधू खरोखर लायक आहे, त्याला या प्रश्नांची भीती नाही. उलट त्याचा मान या प्रश्नांनी वाढतो.

१४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभरात सुमारे १५० ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यांत महाराष्ट्रही होता. खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देणाऱ्या मध्यस्थांविरुद्ध ही कारवाई होती. मागील चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. हे करदाते कोण असतील? बहुतेक आपल्यासारखेच नोकरदार. "माझ्या सर्व मित्रांचा परतावा त्यानेच आणून दिला" या एका वाक्यावर विसंबून त्यांनी सही केली असेल. परंतु विवरणपत्राखालची सही करदात्याची असते, मध्यस्थाची नव्हे. खोटी माहिती देऊन उत्पन्न लपविल्यास त्यावरील कराच्या दुपटीइतका दंड कायद्याने सांगितला आहे, आणि तो सही करणाऱ्याच्या माथी येतो.

भगिनींना आमची वेगळी विनंती आहे. पती निवर्तल्यावर त्यांच्या नावे आलेली नोटीस पाहून कित्येक भगिनी घाबरून दागिने मोडण्यास निघतात, किंवा ज्याने प्रथम सहानुभूती दाखविली त्याच्या हाती सारे कागद देतात. मृताच्या कराची जबाबदारी वारसावर येते हे खरे. परंतु ती मृताने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतीच असते. वारसाच्या स्वतःच्या कमाईस किंवा स्त्रीधनास त्यासाठी सामान्यतः हात लागू नये. प्रथम वारस म्हणून संकेतस्थळावर नोंद करावी, मागणी कोणत्या वर्षाची व कशाची आहे हे समजून घ्यावे, आणि मगच निर्णय करावा. तोवर कोऱ्या कागदावर, मग तो दिराने आणलेला असो वा भावाने, सही करू नये.

विश्वास दोहों बाजूंनी असावा लागतो. सल्लागार प्रामाणिक हवा, तसा अशीलही हवा. गावाकडील जमिनीची विक्री, मुलाच्या नावावरची ठेव, भाड्याची रोख रक्कम हे सर्व आपल्या सल्लागारास मोकळेपणाने सांगावे. अशिलाची माहिती गुप्त राखणे हे वकील व लेखापाल दोघांवरही बंधनकारक आहे. अर्धे सांगणाऱ्यास सल्लाही अर्धाच मिळतो. आणि कर थकणे व कर बुडविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मनाशी पक्के बाळगावे. थकलेला माणूस गुन्हेगार नसतो. हेतुपुरस्सर बुडविणारा असतो. पहिल्याने लाजू नये आणि दुसऱ्याने सबब सांगू नये.

आणखी एक सूचना. २०२५ साली संसदेने १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला आणि १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरविली. कलमांचे क्रमांक बदलल्यामुळे जुन्या कात्रणांवर व ऐकीव सल्ल्यांवर विसंबणे अधिकच धोक्याचे झाले आहे. आपल्या थकबाकीस कोणता कायदा लागतो, हे जाणकाराकडूनच समजून घ्यावे.

शेवटी मंडळापुढे आम्ही एक विधायक योजना ठेवतो. आपल्या सभासदांत लेखापाल आहेत, वकील आहेत, करखात्यांतून निवृत्त झालेले अधिकारी आहेत. यांपैकी जे इच्छुक असतील त्यांनी महिन्यातील एका रविवारी दोन तास मंडळाच्या कार्यालयात बसावे. सभासदाने नोटीस आणावी, तिचा अर्थ विनामूल्य समजून घ्यावा, ती तीनपैकी कोणत्या प्रकारची आहे ते ऐकावे आणि पुढील काम आपल्या पसंतीच्या योग्य माणसाकडे न्यावे. त्या कामाची फी मंडळाच्या बैठकीत ठरू नये, आणि बसणाऱ्याने तेथे आलेले प्रकरण स्वतःच्या कचेरीत ओढू नये, एवढे दोन नियम पाळले तर या उपक्रमावर कोणी बोट ठेवणार नाही. मंडळाने कोणाच्या नावाची हमी द्यावी असे आम्ही म्हणत नाही. प्रश्न विचारण्याचे धैर्य सभासदांस द्यावे, एवढेच आमचे मागणे आहे.

घरी गेल्यावर तो खालचा खण उघडा. आत एखादे पाकीट असेल तर ते पत्नीस दाखवा, मुलांस दाखवा, आणि या आठवड्यातच जाणकाराकडे न्या.